डावा पंख

१

सकाळचा चहा झाला, ग्रेसने कप उचलून नेले, की कृपादान त्रिभुवन पुढच्या खोलीत जाऊन बसे. खोलीत जेवणाचं टेबल होतं, पण त्यावर आता जेवण होत नसे. दोघं स्वयंपाकघरात ओट्याशी खुर्च्या ओढून जेवत. टेबलभर विमान पसरलेलं असे.

कोल्हारच्या चर्चमागच्या गल्लीतलं हे घर. कृपादानची सगळी नोकरी साखर कारखान्यात गेली. बॉयलरवरचे काटे, मीटर, झडपा नीट ठेवायच्या, हे त्याचं काम. हाताला बारीक कामाची सवय, त्यामुळे हौसही तसलीच. फोमची लहान विमानं त्याने बरीच उडवली होती. निवृत्त झाल्यावर मात्र त्याने मोठं विमान मागवलं. जुन्या धाटणीचं, एकावर एक असे दोन पंख असलेलं, रिमोटवर उडणारं. तयार नव्हे, सुट्या भागांचं, बांधायचं आपणच. पंख जोडले की टोकापासून टोकापर्यंत माणसाच्या उंचीहून लांब भरेल एवढं. लाकडी खोकं ट्रान्सपोर्टच्या गाडीतून आलं, आणि ते उघडायच्या आधीच कृपादानला पॅरालिसिसचा झटका आला. खोकं पुढच्या खोलीत चादर पांघरून पडून राहिलं.

दवाखान्यातून घरी आल्यावर हळूहळू तोंड सरळ झालं, डावा पाय वळणावर आला. राहिला डावा हात. आधी तो नुसताच लोंबत होता. मग कधीतरी हलायला लागला, सांगितलं तर उघडायचा, मिटायचा. पण त्यात जाणीव नव्हती. गरम कप लागला तरी कळत नसे. मुंगी चढली तरी कळत नसे. डोळे मिटले की त्या बाजूला हात आहे की रिकामी बाही, हेही सांगता येत नसे.

खरं सांगायचं तर हा बधिरपणा हातापुरता नव्हता. मुलीला दिवस गेल्याचा पुण्याहून फोन आला, आणि त्याच आठवड्यात धाकटा भाऊ वारला. कृपादानने दोन्ही बातम्या सारख्याच ऐकल्या. ग्रेस रडत होती तेव्हा तो तिच्याकडे बघत राहिला. आपण काहीतरी बोलायला हवं, एवढं त्याच्या लक्षात आलं. काय, ते आठवेना.

व्यायाम करून घ्यायला स्नेहल नावाची मुलगी यायची. फिजिओथेरपिस्ट होती, बोलायला तरतरीत. तिनेच सांगितलं, "काका, नुसता बॉल दाबून हात यायचा नाही. काहीतरी बारीक काम काढा. मेंदूला त्या हाताची पुन्हा ओळख व्हायला पाहिजे."

ग्रेसने त्याच दिवशी खोक्यावरची चादर काढली.

२

पहिले काही दिवस सगळं काम उजव्या हातानेच झालं. विमानाचं ते बाल्सा लाकूड इतकं हलकं, की फुंकर मारली तर सरकावं. पंखाच्या बरगड्या कापूनच आल्या होत्या. टेबलावर अंथरलेल्या नकाशावर त्या एकेक उभ्या करायच्या आणि लांब पट्ट्यांना चिकटवायच्या. डावा हात कृपादान वजनासारखा वापरी. उचलून पट्टीवर ठेवला की पट्टी हलत नसे. पण एका हाताचं काम ते एका हाताचंच. गोंद ओघळायचा, बरगडी तिरकी बसायची. उजवा पंख असा कसाबसा उभा राहिला.

दुपारी जेवण झालं की त्याच खुर्चीत त्याचा डोळा लागायचा. एक दिवस जाग आली तेव्हा टेबलावर डाव्या पंखाच्या बरगड्या उभ्या होत्या. झोपण्याआधी त्याने सुरुवातीच्या एक-दोनच लावल्या होत्या. आता ओळच्या ओळ होती. सरळ, एकसारखी, गोंदाचा एक ओघळ नाही.

कृपादानने एक बरगडी बोटाने हलवून पाहिली. मग त्याने हाक मारली.

"ग्रेस, तू इथं काही केलंस का?"

"मी?" ती पदराला हात पुसत दारात आली. "मला त्यातलं काय कळतं?"

"मग वैजनाथ फिटर येऊन गेला?"

"कुणी आलं नाही. तुम्हीच तर करत बसला होतात."

"मी झोपलो होतो."

"हो का?" ती म्हणाली. "मला वाटलं जागे आहात. आवाज येत होता ना."

कसला आवाज, हे त्याने विचारलं नाही. झटक्यानंतर माणूस विसरतो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आपणच केलं असेल आणि मग डोळा लागला असेल. पटण्यासारखं होतं, आणि त्याने ते पटवून घेतलं. संध्याकाळी हात धुताना त्याला दिसलं, की डाव्या अंगठ्यावर आणि शेजारच्या बोटावर गोंद वाळून पापुद्रा धरला आहे. उजव्या नखांनी त्याने तो सोलला. गोंदाबरोबर कातडीही निघाली, रक्त आलं. त्याला काहीच लागलं नाही.

३

स्नेहलने त्याच्या डोळ्यांवर रुमाल बांधून परीक्षा घेतली. डाव्या तळहातावर ती कधी चमचा ठेवी, कधी बटण, कधी कापूस.

"काय आहे?"

"काही नाही," कृपादान दर वेळी सांगे.

मग तिने टेबलावर मूठभर वस्तू पसरल्या. "डोळे बंदच ठेवा. यातलं बटण मला काढून द्या."

कृपादानला हात कुठे आहे हेच कळत नव्हतं. तो नुसता बसून राहिला. आपल्याला जमत नाही, असं सांगणार, तेवढ्यात स्नेहलचा आवाज आला, "दिलंत की."

रुमाल सोडला तर बटण तिच्या हातात होतं.

"मी दिलं नाही," तो म्हणाला.

"काका, असं होतं. काम आधी येतं, जाणीव मागून येते. मेंदू जुनी वाट सोडून नवी शोधतो." ती ग्रेसकडे वळली. "काकू, एवढी सुधारणा इतक्या लवकर मी कुणात बघितली नाही."

ग्रेसने तिच्यासाठी शिरा केला होता. तो खाऊन ती गेली. ग्रेस येऊन कृपादानच्या डाव्या अंगाला बसली आणि जरा लाजत म्हणाली, "मला आधीच कळलं होतं, सुधारतोय ते. झोपेत माझा हात धरता तुम्ही हल्ली."

कृपादानने तिच्याकडे पाहिलं. नवरा म्हणून तो वाईट नव्हता. दारू नाही, आवाज चढवणं नाही, पगार झाला की घरात. पण त्याने तिचा हात धरला, असा एक प्रसंग सांगा म्हटलं असतं तर दोघांनाही आठवला नसता. तसा तो नव्हताच. आणि आता ती हसत होती, ते हसूही त्याच्या ओळखीचं नव्हतं.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"दवाखान्यातून आलात तेव्हापासून."

तेव्हा तर तो हात हलतही नव्हता.

४

खरं काय ते बघायचं, असं त्याने ठरवलं. ठरवताना छाती धडधडली नाही. काटा चुकतोय की बॉयलर चुकतोय, हे बघायला तो जिना चढून जायचा, तसंच हे.

दुपारी मान मागे टाकून तो खुर्चीत पडला आणि डोळे किलकिले ठेवले. रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या. ट्रॅक्टरवरची गाणी जवळ येत आणि लांब जात. डोक्यावर पंखा एका फेरीत एकदा कुरकुरत होता. स्वयंपाकघरात ग्रेस भांडी लावत होती.

हात मांडीवर पडला होता. पुष्कळ वेळ काही झालं नाही. मग तो उठला. खांद्याला ओढ जाणवली नाही. बाही वर सरकताना दिसली, तेवढंच.

हात टेबलावर गेला. तो चाचपडला नाही. पसाऱ्यातून हवी तीच बरगडी त्याने उचलली, खाचेत बसवून पाहिली, काढली. कडेवर पॉलिश पेपर फिरवला, पुन्हा बसवली. मग तो थांबला. हवेत, बोटं अर्धी मिटून, थांबला.

ते थांबणं कृपादानच्या कायमचं लक्षात राहिलं. हात थरथरत नव्हता, थकला नव्हता. पुढचं काम मनात जुळवताना माणूस थांबतो, तसा तो थांबला होता. आणि कृपादानच्या मनात त्या वेळी पुढचं काहीच नव्हतं.

दारात बांगड्या वाजल्या. त्याने डोळे घट्ट मिटले.

ग्रेसची पावलं टेबलापर्यंत आली. लाकडावर काहीतरी ठेवल्याचा हलका आवाज झाला. मग कात्री एकदा चालली. मग ग्रेस बोलली, अगदी खालच्या आवाजात. शब्द कळले नाहीत, सूर कळला. आजाऱ्याशी बोलतात तसा तो नव्हता, प्रार्थनेचाही नव्हता. घरच्या माणसाशी घरचं काही बोलावं, तसा साधा होता. मग पावलं परत गेली.

त्याने डोळे उघडले तेव्हा हात मांडीवर होता आणि टेबलावर ग्रेसची शिवणाची कात्री होती. कृपादानने ती मागितली नव्हती. काही कापायला आली असेल, स्वतःशीच बोलली असेल. एकट्याने घर सांभाळणाऱ्या बायका बोलतात स्वतःशी. त्याने कात्री उचलली आणि तिच्या डब्यात नेऊन ठेवली.

५

आजारपणापासून चर्चमध्ये तो नुसता मान खाली घालून उभा राहायचा. त्या रविवारी मात्र पाळकसाहेब "हात जोडून प्रार्थना करू या" म्हणाले आणि सवयीने त्याचे हात जुळले.

उजव्या हाताला डावा लागला. उजव्याला सगळं कळत होतं. ऊब कळली, कोरडेपणा कळला, बोटांची पेरं कळली. लहानपणापासून हे दोन हात असेच एकमेकांना लागत आले होते. आज वाटलं, की बाहेरून आलेल्या कुणीतरी आपल्याशी हात मिळवला आहे. हात वाईट नव्हता. उलट सभ्य होता. त्याने हलकेच दाबलं आणि थोडी जागा करून दिली.

कृपादानने उजवा हात काढून खिशात घातला. डावा तसाच छातीशी, अर्धा जोडलेला राहिला. प्रार्थना संपेपर्यंत राहिला. 'आमेन' झाल्यावर ग्रेसने तो खाली घेतला आणि आपल्या हातात ठेवून घेतला.

६

ईस्टर झाला आणि विमान उभं राहिलं. लाकडाच्या सांगाड्यावर पिवळं आवरण इस्त्रीने ताणून बसवलं. वरच्या आणि खालच्या पंखांमध्ये तिरप्या तारा ओढल्या. सकाळी कृपादान उजवी बाजू करायचा. डावी दुपारी व्हायची. त्याने विचारणं सोडून दिलं होतं.

इंजिन बसवायला वैजनाथ आला. हा कारखान्यातला जुना सोबती, फिटर होता. आता मोटारी आणि फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान टाकून बसला होता. विमानाभोवती फिरून त्याने नीट पाहून घेतलं.

"तिरभुवन, येक इचारू का? उजवी बाजू तू केली आन् डावी कंपनीतून आली काय?"

"का?"

"आरं, उजवीकडं गवंड्याचं काम दिसतंय. डावीकडं बघ. टाचनी घुसायला फट न्हाई."

"डावीकडची डाव्या हाताने केली."

"मंग उजव्याला बी येक झटका यिऊ दे," वैजनाथ म्हणाला आणि स्वतःच हसला. दारात तांदूळ निवडत बसलेली ग्रेस हसली नाही.

इंजिन पेट्रोलचं होतं, गवत कापायच्या मशीनला असतं तेवढं. ते नाकात घट्ट बसवलं. बॅटरी जोडली. रिमोटवर दांडा हलवला की पंखांच्या आणि शेपटीच्या फळ्या बारीक आवाज करत वरखाली होत होत्या. विमान अंगणात आणून शेपटीकडून दोरीने झाडाला बांधलं, टाकीत तेल मिसळलेलं पेट्रोल भरलं. आता नाकावरचं लाकडी पातं झटका देऊन फिरवायचं, म्हणजे इंजिन धरतं. वैजनाथने त्यासाठी काठी आणली होती, तिला रबरी नळी चढवलेली.

"हातानं न्हाई बरं. इंजिन उलटं फिरलं तर शेंगांसारखी बोटं तुटत्यात."

"डाव्याला काही कळत नाही," कृपादान म्हणाला. "डाव्याने फिरवतो."

वैजनाथला वाटलं, हा गंमत करतोय. कृपादान गंमत करत नव्हता. पातं लागलं तर बरंच होईल, असा विचार त्याच्या मनात अगदी स्वच्छ आला होता, आणि त्या विचाराला कसलीच चव नव्हती. दुखणार नव्हतं. दवाखाना लांब नव्हता. त्यानंतर तो जेवढा उरला असता, तेवढा सगळा स्वतःचाच.

त्याने उजव्या हाताने डावं मनगट धरलं आणि पात्याकडे नेलं. बोटांनी पातं धरलं नाही. मूठ मिटली. त्याने जोर केला. मूठ त्याच्या पकडीतून सुटली आणि पाठीमागे गेली, कमरेशी जाऊन लपली. कृपादान स्वतःच्याच पाठीमागे हात घालून तिला ओढू लागला, आणि त्या ओढाओढीत जागच्या जागी फिरला.

"काय चाललंय आरं?" वैजनाथ म्हणाला.

ग्रेस उठली. तांदळाचं ताट बाजूला ठेवून ती आली आणि विमान आणि कृपादान यांच्या मध्ये उभी राहिली. दोन्ही हात त्याच्या पाठीमागे घालून तिने ती मूठ आपल्याकडे घेतली.

"पुन्हा असं करू नका," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता.

"मला काही झालं नसतं."

"पुन्हा करू नका."

वैजनाथने काठीने पातं फिरवलं. थोड्या झटक्यांनी इंजिन धरलं. अंगणातला पाचोळा उडाला, पिवळं विमान दोरीला ताण देऊन थरथरू लागलं. इतके महिने ज्याची वाट पाहिली तो आवाज हा. कृपादानचं लक्ष मात्र ग्रेसकडे होतं. ती त्या मुठीची बोटं एकेक करून उलगडत होती आणि कुठे लागलंय का ते बघत होती. त्याच्या तोंडाकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

७

विमान मोडायचं, हे त्याने जेवताना ठरवलं. हंगाम संपला, फडातला ऊस संपला, की ऊसतोडीची टोळी आपलं बिऱ्हाड उचलून जाते. काम आहे तोवर हा हात राहणार. काम संपलं तर कशाला राहील? एवढा साधा हिशेब होता. तो कुणाला बोलून दाखवण्यासारखा नव्हता.

वैजनाथच्या चुलत्याचं रान प्रवरेच्या काठाला होतं. कांदा निघून गेला होता, ट्रॅक्टरने फळी फिरवून रान सपाट केलं होतं. सकाळी वारा पडलेला असतानाच टेम्पोत गोधड्या अंथरून विमान तिथे नेलं. स्नेहल मुद्दाम आली होती. ग्रेस थर्मास घेऊन बांधावरच्या बाभळीखाली उभी राहिली.

रिमोट गळ्यात अडकवलेला, त्यावर दोन दांडे. डाव्या दांड्याने इंजिनचा वेग आणि शेपटीचं सुकाणू चालतं. उजव्याने नाक वर-खाली होतं, पंख कलतात. कृपादानने डावा अंगठा उजव्या हाताने उचलून डाव्या दांड्यावर ठेवला. त्यापुढचं त्याला काही सांगावं लागलं नाही.

इंजिनचा आवाज एका दमात वर गेला. विमान मातीवरून धावलं, शेपूट उचलली, आणि उन्हात पिवळं होऊन वर चढलं. दोन पंखांचं ते विमान हवेत घाई करत नव्हतं. नदीवर जाऊन ते रुंद वळण घेऊन परत आलं. वैजनाथने टोपी काढून हातात घेतली.

"काय उडतंय, काय उडतंय," तो हळूच म्हणत होता.

बाभळीवरून जाताना विमानाने शेपूट हलवली. एकदा इकडे, एकदा तिकडे. ग्रेसने हात वर केला. सुकाणू डाव्या दांड्यावर असतं. कृपादानने ते हलवलं नव्हतं.

विमान परत फिरून रानावर आलं, तेव्हा त्याने उजवा दांडा पुढे ढकलला, पार टोकापर्यंत.

नाक खाली आलं. विमान सरळ मातीकडे निघालं. आता इंजिन किंचाळायला हवं होतं, पण त्याचा आवाज खाली आला. डाव्या दांड्याने वेग काढून घेतला होता. मग डावा हात आपला दांडा सोडून उठला. कृपादानने त्याला येताना पाहिलं. रिमोटवरून सरकत तो पलीकडे आला आणि उजव्या हातावर बसला.

उजव्या हाताला कळलं. ऊब कळली. जोर कळला, तोही गरजेपुरताच होता. कृपादानचा अंगठा दांड्यावर तसाच ठेवून त्या हाताने अंगठ्यासकट दांडा मागे घेतला. विमान रानाच्या वर हातभर उंचीवर सावरलं. नाक थोडं वर, आणखी थोडं वर. दोन चाकं मातीला एकदम लागली. ते धावलं, हळू झालं, उभं राहिलं. पातं कुरकुरत फिरत राहिलं.

सगळं संपल्यावरही डावा हात लगेच निघाला नाही. त्याने उजव्या हाताची पाठ थोपटली. सावकाश, परत एकदा. चुकलेल्या माणसाला चारचौघांत काही न बोलता समजावावं, तसं.

"दोन्ही हात एकत्र आले, काका," स्नेहल म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "एवढ्यासाठीच सगळं चाललं होतं."

वैजनाथ टाळ्या वाजवत विमानाकडे पळत गेला. कृपादान उभा होता. आपण घाबरायला हवं होतं, हे त्याला समजत होतं. भीती नेमकी कुठे असते, ते त्याने आठवून पाहिलं. छातीत, पोटात, गुडघ्यांत. सगळीकडे जाऊन पाहिलं. कुठेच कुणी नव्हतं.

८

दिवेलागणीला दोघं पुढच्या खोलीत बसली होती. विमान पंख काढून भिंतीशी ठेवलं होतं. खिडकीत अजून उजेड होता. गल्लीत कुणीतरी मोटारसायकल धूत होतं.

ग्रेस नेहमीप्रमाणे डाव्या बाजूला बसली होती. हात तिच्या मांडीवर होता. वाटीत खोबरेल तेल कोमट करून ती बोटांना लावत होती, पेरापेराला, नखांच्या कडेला. आधी तिने सकाळची माती धुऊन काढली होती. तिचा चेहरा शांत होता. इतकी वर्षं एका घरात काढून तो चेहरा असा शांत कधी दिसला होता का, ते कृपादानला आठवेना. आपण तो कधी नीट पाहिला होता का, तेही आठवेना.

"ग्रेस."

"हं."

"आज विमान मी उतरवलं नाही. मी ते पाडत होतो."

ती तेल लावत राहिली.

"हा हात माझा नाही," तो म्हणाला. आजारपणापासून त्याचा आवाज एवढा मोठा कधी झाला नव्हता. बाहेरच्या मोटारसायकलवाल्यालाही ऐकू गेला असावा. पाण्याचा आवाज थांबला. "ऐकलंस का? माझा नाही तो."

ती आता हसेल, किंवा रडेल, किंवा उठून मुलीला फोन लावेल, असं त्याला वाटलं. त्यातलं काहीच झालं नाही. तिने मिटलेल्या बोटांवर पदराचा काठ ओढला.

"हळू बोला," ती म्हणाली. "आत्ताच झोपलाय."

गल्लीत पाणी पुन्हा सुरू झालं. खिडकीतला उजेड गेला, तरी दिवा लावायला कुणी उठलं नाही. काही वेळाने कृपादानला तहान लागली. तांब्या तिवईवर होता, झाकणावर पेला पालथा घातलेला. त्याने उजव्या हाताने आधी पेला काढून मांडीवर ठेवला, मग झाकण सरकवलं, आणि आवाज होऊ नये म्हणून तांब्याच्या तोंडात एक बोट धरून पाणी हळूहळू ओतून घेतलं.